जोत्यावरची संथा

लोटन, ती बिडी विझव आणि जवळ सरक. झुलाल माझा सख्खा मावसभाऊ, त्याच्याच तोंडून ऐकलंय. हसायचं असेल तर घरी जाऊन हसा, इथं नाही.

सत्त्याऐंशी साल, पोळ्याची आदली रात्र. झुलालची पोर भिकू तापानं फणफणलेली. तो पाचोऱ्याहून औषधाची बाटली घेऊन निघाला. शेवटच्या एसटीनं घाटाखाली सोडलं, तिथून वर उंबरगव्हाणला पायवाट. डॉक्टरनं बजावलं होतं, रात्रीच पाजा, सकाळची वाट बघू नका.

वाटेत पाठशाळेचं जोतं लागतं. आता नुसते दगड नि निवडुंग. पण आपल्या पणज्याच्या काळी तिथं बटू राहायचे, पोथ्या वाचायचे. गुरुजी एकदा म्हणणार, पोरं दोनदा. त्याला संथा म्हणतात. प्लेगच्या साली गुरुजी "मी येईपर्यंत कोणी उठायचं नाही" असं सांगून खाली औषधाला गेले नि वाटेतच वारले. पोरं उठली नाहीत. एकही नाही. तेव्हापासून गावचा माणूस रात्री तिथून मुक्यानंच जातो. तोंडात सुपारी धरतो, चुकून शब्द निघायला नको म्हणून.

झुलालनंही धरली होती. पण ऐन जोत्यापाशी मेली ठेच लागली, बाटली सुटता सुटता राहिली, सुपारी पडली नि हा ओरडला, "अरे देवा!"

"अरे देवा. अरे देवा."

झुलाल थिजला. डोंगर आवाज परत देतो, खरं. पण एकदा देतो. आणि बारक्या पोरांच्या गळ्यातून देत नाही.

"कोण शे रे तठे?"

"कोण शे रे तठे? कोण शे रे तठे?"

पाय उचलेनात. जोत्यावर कोणीतरी सरकून बसलं... मग त्याच्या शेजारी आणखी कोणी. मग शांत. पुढच्या ओळीची वाट बघत असल्यासारखं.

घरी पोर तडफडतेय आणि हा इथं! त्याला रडूच फुटलं. त्यानं हात जोडले.

"जाऊ द्या रे मले... मनी पोर वाचू द्या!"

काही नाही.

काहीच नाही...

मग हळूच, सगळ्यांनी मिळून. "मनी पोर वाचू द्या. मनी पोर वाचू द्या."

पाय सुटले. झुलाल पळत घरी आला. बायको पुष्पाबाई पोरीला मांडीवर घेऊन, पदराखाली झाकून बसलेली.

"ताप उतरी गया हो," ती म्हणाली. "आत्तेच."

झुलाल ओक्साबोक्शी रडला.

काय म्हणतोस लोटन? वाचली ना? वाचली रे बाबा. पण आपण जिवाचं वाचणं म्हणतो. त्या पोरांना वाचणं ठाऊक होतं ते एकच, पोथीचं.

झुलालनं चिमणी जवळ नेली, पदर सारला. पुष्पाबाई संध्याकाळपासून जागची हलली नव्हती. वस्तरा घरात नव्हता. जमिनीवर एक केस नव्हता.

पोरीच्या डोक्याचा गोटा केलेला... मागे तेवढी शेंडी. गाठ मारलेली.