उन्हाळ्यातला गोठा

"उद्या हार्मनला शहरात नेणार आहेत," हिंके म्हणाली. "तिथं त्याला गोळी घालतील. आणि जर्मनांकडं चुगली त्यानंच केली, याची मला खात्री नाही."

फ्रीसलंड या डच प्रांतातून जर्मन फौजा गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. गावाची मात्र खात्री पक्की होती. हार्मन हिंकेचा शेजारी, तिच्या नवऱ्याशी, विबेशी, चराच्या हद्दीवरून त्याचं वाकडं, आणि गावाला राग काढायला कुणीतरी हवंच होतं.

रोमर्ट एल्झिंगानं जर्मनांच्या काळात पोलिसातली नोकरी सोडली होती. आता तो खाजगी तपास करायचा आणि टीमन मास्तर त्याच्याबरोबर हिंडायचे. दोघं हिंकेच्या गोठ्यात कॉफी घेत होते. गाई कुरणात गेल्या की या भागात घरच गोठ्यात येतं. घासलेली फरशी, खिडक्यांना पडदे, भिंतीवर निळ्या बशा. पुढची खोली थंडीपर्यंत बंद.

"गेल्या जूनमध्ये काय झालं?" रोमर्टनं विचारलं.

"आम्ही इथंच जेवत होतो. शिपाई थेट इथंच घुसले. मागच्या फळ्या उखडल्या, बशा फोडल्या. काही मिळेना, तसे विबेला मारायला लागले. आम्ही लपवलेला ज्यू मुलगा पुढच्या खोलीत, पलंगाखालच्या कप्प्यात होता. विबेचं ओरडणं ऐकून आपणहून बाहेर आला." तिनं डोळे पुसले. "दोघांपैकी कुणी परत आलं नाही."

"मुलगा इथं आहे हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"तिघांना. हार्मन, दूधवाला डाउवे आणि माझी जाऊ लीन."

हार्मनला शाळेच्या एका वर्गात कोंडलं होतं. "विबेला मी शिव्या दिल्या, हो," तो गुरगुरला. "पण गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचा गोठा रंगवायला कोण गेलं होतं? मीच ना!"

"चेहराच सांगतोय," बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले.

"चेहऱ्यावरून फाशी द्यायची तर मास्तर, तुमचं काही खरं नाही."

डाउवे दुधाचे कॅन धूत होता. "मी कशाला सांगू? रोज सकाळी त्या गोठ्यात हिंकेच्या हातची कॉफी प्यायचो. विबे गेला आणि माझ्या तोंडची चवच गेली."

लीन हिंकेच्या अंगणात बटाटे सोलत होती. जन्म ॲमस्टरडॅममधला, नवरा वारलेला. "मुलाला मी एकदाच पाहिलं, धाडीच्या आधीच्या नाताळात. गाईंच्या मागं गवताआड निजायचा बिचारा. मग मी आले ती थेट या मे महिन्यात, भुकेनं अर्धमेली. माझ्या पोराला, फ्रिट्सला, जर्मनांनी कामाला धरून नेलं होतं. सोडतो म्हणाले. आलाच नाही."

"सोडतो असं कोण म्हणालं?"

"आता काय उपयोग त्याचा?" ती सुरी पुसत राहिली.

जेवणवेळेला रोमर्टनं हिंके, लीन आणि मास्तरांना गोठ्यातल्या टेबलाशी बसवलं.

"मास्तर, जूनमध्ये या गोठ्यात कुणाला लपवाल?"

"इथं? इथं तर माणसं जेवतात."

"मग शिपाई सगळ्यात आधी इथं का आले? मागच्या फळ्याच का उखडल्या? कारण गाईंच्या मागं, गवताआड बघा, असं त्यांना सांगितलं होतं. जूनमध्ये इथं ना गाय होती, ना गवत. हार्मननं स्वतः या भिंती रंगवलेल्या, डाउवे रोज इथं कॉफी प्यायचा. असली चूक इथल्या शेंबड्या पोराच्या हातूनही व्हायची नाही. ती करणार शहरातलं माणूस, ज्यानं हा गोठा फक्त हिवाळ्यात पाहिला." तो लीनकडं वळला. "ज्याला कुणीतरी मुलगा सोडायचं वचन दिलं होतं."

हिंकेनं जावेकडं पाहिलं. दोन महिने दोघी एका ताटात जेवल्या होत्या.

"फ्रिट्सला सोडणार होते गं," लीन म्हणाली. "तू आई असतीस तर... विबेला हात लावणार नाही म्हणाले होते. फक्त त्या मुलाला नेणार होते."

"फक्त!" हिंकेचा आवाज चिरकला. तिनं खुंटीवरचा कोट काढून लीनच्या अंगावर टाकला. "ऊठ. शाळेत चल. हार्मन सुटेपर्यंत मी तुझा हात सोडणार नाही."

"काय सांगू तिथं? मला त्या मुलाचं नावसुद्धा माहीत नाही."

"आम्हालाही नव्हतं. आमच्या जिवाला धोका नको म्हणून दीड वर्ष त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी या दारात उभा राहून सांगितलं. 'मी सालोमन. काकांना मारू नका.'"

लीन उठली. तिला कोटाची बटणं लावता येईनात, ती हिंकेनं लावून दिली.