मिरचीखालचा रस्ता

"आधी पायऱ्यांचं विचार! फुलांचं नंतर!" नमिरा ओरडली.

रंजिताने फोन स्पीकरवर टाकला. "काका, तुमच्या रोपवाटिकेत व्हीलचेअर वरपर्यंत जाते का? कलमांच्या शेडपर्यंत?"

"हो हो! सगळी सोय शे!" पलीकडून आवाज आला. "बिनधास्त या!"

"म्हणजे रॅम्प आहे?"

"शे ना! मस्त सिमेंटचा शे!"

फोन बंद झाला आणि नमिराचा धाकटा भाऊ जावेद व्हरांड्यात नाचायलाच लागला. नमिरा मात्र हसली नाही. 'सगळी सोय आहे' हे शब्द तिने आजवर इतक्या वेळा ऐकले होते, की ते ऐकले की तिच्या कपाळावर आठीच पडायची!

दिवाळीच्या सुट्टीत बागा आणि रोपवाटिका बघत फिरायचं, हा बेत नमिराचाच होता. ती आणि शेजारची रंजिता सातवीत एकाच बाकावर बसायच्या. म्हणजे रंजिता बाकावर आणि नमिरा तिच्या चाकांच्या खुर्चीत. नंदुरबारहून निघायचं, प्रकाशाला तापीकाठची बाग बघायची आणि मग सारंगखेड्याजवळच्या रोपवाटिकेत जायचं. तिथे मुलांना गुलाबाचा डोळा भरायला शिकवणार होते. डोळा म्हणजे फांदीवरचा बारीक कोंब. तो सालीसकट काढायचा आणि दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायचा. जगला, तर त्या रोपाला आपल्या झाडाची फुलं!

पण आदल्याच दिवशी आक्रीत घडलं. गल्लीत गटार खोदायला आलेल्या जेसीबीने नमिराच्या नानीचा गुलाब मुळासकट उपटून टाकला! वास असा, की गल्लीच्या तोंडाशीच कळायचं नानीचं घर आलं. नानी जाऊन वर्ष झालं होतं. मागे त्याच्या काड्या मातीत खोचून पाहिल्या होत्या, सगळ्या वाळल्या. आता ढिगाऱ्यातून एकच धड काडी मिळाली. नमिराने ती ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली. उद्याच डोळा भरला, तरच नानीचा गुलाब उरणार होता.

सकाळी रंजिताचा मामा, झिपरूमामा, गाडी घेऊन आला. प्रकाशाच्या बागेतही आधी फोन करून विचारलं होतं, पण पोचले तर दारातच पायऱ्या!

"फोनवर तर सोय आहे म्हणालात!" रंजिता म्हणाली.

"आहे की! चौघं जण उचलतो ना!" रखवालदार बाह्या सरसावत म्हणाला.

उचलतो! गहू आहे का ती? धान्याचं पोतं आहे? नमिराने खुर्चीची चाकं गच्च धरली.

"मला उचलायचं नाही. चला मामा, पुढे!"

गाडीत सगळ्यांचाच मूड गेला होता. जावेदने चिवड्याची पिशवीसुद्धा उघडली नाही, यावरून समजा.

रोपवाटिका खरंच छान होती. दारात झेंडूच्या कुंड्या, मागे हिरव्या जाळ्यांच्या सावल्या. आणि समोर? वरच्या टप्प्यावर जाणाऱ्या पायऱ्या! त्यांच्यावरही कुंड्या मांडलेल्या. वरून मुलांचे आवाज येत होते. शिकवणं सुरू झालं होतं.

व्यवस्थापक हिलालकाका खुर्चीत बसून दात कोरत होते. फोनवरचा आवाज हाच!

"रॅम्प कुठे आहे, काका? ही काडी वर न्यायचीय, डोळा भरायला," नमिरा म्हणाली.

"तो... बंद शे आज. काम चालू शे." काका उठले. "तू कसाले वर जास? काडी दे, तुन्ही मैत्रीण लई जाई. तू आठेच खाले बस, चहा पी."

"डोळा मला भरायचाय! मला शिकायचंय!"

"अव पोरी, रोप तर तुलेच भेटी ना! मग?"

नमिराचे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"जाऊ दे वं माय," झिपरूमामा हळूच म्हणाला. "कसाले भांडी ऱ्हायनी?"

"प्रत्येक वेळी मीच जाऊ द्यायचं का, मामा?"



तेवढ्यात जावेद शिंकला. एकदा, दोनदा, मग थांबेचना!

"फुलांची अॅलर्जी झाली की काय तुला?" रंजिता हसली.

"फुलांची नाही! आक्... छी! मिरचीची! नाकात झोंबतंय!"

"गुलाबांच्या बागेत मिरची?"

इतक्यात एक कामगार एकचाकी ढकलगाडी लोटत आला. गाडीत रोपं भरलेली. तो गेला आणि नमिरा चाकाने उमटलेल्या खुणेकडे बघत राहिली. मातीत लालसर रेघ होती, आणि तिच्यात पिवळ्या बिया चिकटलेल्या.

"रंजू," ती हळू आवाजात म्हणाली, "ही रोपं वरूनच आली ना? ढकलगाडी पायऱ्या उतरते का गं?"

रंजिताचे डोळे चमकले. "नाही! म्हणजे दुसरा रस्ता आहे!"

"आणि जिथे एक चाक उतरतं, तिथे माझी चाकंही चढायला हवीत! चला!"

काका कोणाशी तरी फोनवर बोलायला वळले होते. तिघं लाल रेघेच्या मागे निघाले. शेडच्या पाठीमागे हिरवी जाळी बांधलेली होती. जावेदने ती बाजूला केली आणि पुन्हा शिंकला.

जाळीमागे रॅम्प होता. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कठडा, अगदी वरच्या शेडपर्यंत! आणि त्यावर, वरपासून खालपर्यंत, लाल मिरची वाळत घातलेली! कडेला ढकलगाडीच्या एका चाकापुरती जागा मोकळी होती. तेवढीच!

"ह्याला काम चालू आहे म्हणतात?" रंजिता संतापली. "अगं, ही काकांच्या घरची मिरची असणार! रॅम्पवर!"

"चालव खुर्ची सरळ मिरचीवरून! होऊ दे चटणी!" जावेद म्हणाला.

"नको," नमिरा म्हणाली. "मिरचीने माझं काय घोडं मारलंय? रंजूचे बाबाही मिरचीच पिकवतात. ज्याने पसरली, त्यालाच उचलू दे!"

"तो कशाला उचलेल?"

रंजिता इकडेतिकडे बघत होती. कठड्याला लागून पाण्याचा पाइप होता, त्यावर कॉक, आणि वर कुंड्यांसाठी लावलेल्या तुषारांच्या तोट्या. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. वाळत घातलेल्या मिरचीवर पाणी पडलं की ती काळी पडते, हे मिरचीवाल्याच्या पोरीला कोणी सांगायला लागत नाही. तिने कॉकवर हात ठेवला. फिरवला नाही हं! नुसता ठेवला. आणि वरपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली,

"हिलालकाकाऽऽ! हा कॉक फिरवला तर पाणी कुठे येतं होऽऽ?"

"नको! नकोऽऽ!" काका चप्पल सोडून धावत आले. "पोरी, हात नको लावू! मन्ही मिरची भिजी जाई!"

"तुमची मिरची? इथे तर काम चालू आहे ना?"

काका पोतं घेऊन खाली बसले. ओंजळीने मिरची पोत्यात भरायला लागले. तोंडावर धूळ उडाली, शिंका सुरू झाल्या! "ए पोऱ्या, आक्छी, पोतं धर! आक्छी!" जावेदने पोतं धरलं, पण नाक दाबून आणि दात काढून.

आरडाओरडा ऐकून वरची सगळी मुलं कठड्याशी जमली. त्यांच्यामागून मालकीणबाई आल्या, वत्सलाबाई. हातात कलमाची सुरी.

"हिलालभाऊ, हे काय?" त्यांचा आवाज फार शांत होता, म्हणूनच भीती वाटली. "रॅम्पला तडे गेलेत, दुरुस्ती चालू आहे, असं तुम्ही मला सांगितलं होतं. म्हणून मी ही जाळी बांधू दिली."

काका मान खाली घालून मिरची भरत राहिले.

रॅम्प मोकळा झाला. झिपरूमामा मागून हात द्यायला आला, पण नमिराने मान हलवली आणि स्वतःच चाकं फिरवली. वर पोचली तेव्हा दंड भरून आले होते आणि तीही शिंकत होती.

"शाबास! केवढी धाडसी मुलगी!" वत्सलाबाई म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मी धाडसी नाही, बाई. मी चिडलेय," नमिरा म्हणाली. "मला फक्त इतरांसारखं वर यायचं होतं. टाळ्या कशाला?"

टाळ्या थांबल्या. वत्सलाबाई तिच्या खुर्चीजवळ आल्या.

"खरं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे. मी एकदाही जाळीमागे बघितलं नाही. काडी दाखव."

फडकं उघडलं. काडी अजून हिरवी होती. बाईंनी दाखवलं तसा नमिराने डोळा काढला, रानगुलाबाच्या सालीत चीर दिली, डोळा आत सरकवला आणि पट्टी गुंडाळली. पहिला तिरका बसला. दुसरा मात्र बाईंनीही निरखून पाहिला.

"हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. नमिराला हे कौतुक मात्र आवडलं.

निघताना झिपरूमामा हिलालकाकांसमोर जाऊन उभा राहिला. सकाळी 'जाऊ दे' म्हणणारा मामा! "आम्ही पुन्हा येसूत," तो म्हणाला. "फोन न करता येसूत!"

आणि जानेवारीतल्या एका रविवारी ते खरंच न सांगता आले. जाळी नव्हती. पायऱ्यांपाशी ठळक पाटी होती, 'वर जाण्याचा रस्ता इकडे'. रॅम्पवर एक मिरचीसुद्धा नव्हती आणि हिलालकाका तिथे झाडू मारत होते. नमिराला पाहताच ते घाईने बाजूला झाले.

ती वर गेली. तिरका बसवलेला डोळा सुकून गेला होता. दुसऱ्या रोपावर मात्र तांबूस पालवी होती, आणि शेंड्याला एक कळी, जेमतेम उमललेली.

नमिरा पुढे वाकली. डोळे मिटून तिने वास घेतला.

"नानी!" जावेद मागूनच ओरडला. वास त्याच्यापर्यंत आला होता.