डोळस बूच

शातो व्हालरॅक या फ्रेंच वाइनवाड्याच्या तळघरात बाटल्या आपले गुण आपणच सांगत. प्रत्येक बुचावर एक हिरवा आकडा उजळलेला असे, आणि आज रांगेतल्या एकूण एक बाटलीवर तो नव्याण्णव होता. बोर्दोत आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तसे पाहुणे आकडा बघत आणि पुढे जात.

वाइनची नावाजलेली परीक्षक वैजयंती दाबके मात्र पुढे गेली नाही. त्या आकड्याने तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. हीच लाल वाइन पिंपात कोवळी असताना तिने त्र्याऐंशी गुण देऊन 'उद्धट' असा शेरा मारला होता. पुढे वाइन बाटलीत गेली आणि वर्षागणिक तिची कीर्ती वाढली. समीक्षकांनी तिला आधी होतकरू म्हटलं, मग भारदस्त, मग अजोड. दर खेपेला वैजयंतीचा जुना शेरा कुणीतरी उकरून काढी आणि पोटभर हसून घेई.

कीर्तीचं श्रेय हृषीकेश चांदोरकरच्या डोळस बुचाला होतं. साधं बूच बाटलीत किंचित हवा झिरपू देतं आणि तिच्यावर वाइन मुरते. हृषीकेशच्या बुचातले तंतू आतली वाइन चाखत आणि त्याप्रमाणे हवा कणाकणाने मोजून सोडत. पण चांगलं काय लागतं, हे बुचाला कुणी शिकवायचं? नाशिकला तो वैजयंतीचा विद्यार्थी होता. त्याने तिच्याच तोंडात संवेदक बसवून जिभेच्या नसा, लाळ, टाळूकडे चढणारा वास, सगळं टिपून घेतलं. त्या नोंदीला तो 'रसनालेख' म्हणे. म्हणजे ही वाइन इतकी वर्षं अंधारात बसून, जिने तिला नाकारलं, त्याच बाईची मर्जी राखायला शिकत होती.

शंभरावा गुण मात्र यंत्राने द्यायचा नाही, माणसाच्या जिभेनेच द्यायचा, असा मद्यपारख्यांचा नियम होता. टेबलाभोवतीच्या परीक्षकांनी तो देऊनही टाकला होता. राहिली होती फक्त वैजयंती.

"मॅडम, चेहरा हसरा ठेवा," हृषीकेश मराठीत म्हणाला. इतरांना ती भाषा कळत नव्हती, त्यामुळे त्याला फक्त आवाज गोड ठेवायचा होता. "तोंडात फिरवा, थुंका आणि शंभर म्हणा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बाईंची जीभ म्हातारी झाली, असं लोक म्हणतील. तुमची तरुण जीभ माझ्याकडे आहे. ती कधीचीच शंभर म्हणून बसलीय."

"माझ्या तोंडात वायरी घालताना पाया पडला होतास, हृषी."

"तेव्हा गरज होती."

तिने घोट घेतला. वाइन निर्दोष होती. जिथे तिला आंबटपणा हवा तिथे आंबटपणा, जिथे गोडवा हवा तिथे गोडवा. आपल्या मनातलं कुणीतरी चोरून वाचलंय असं तिला वाटलं आणि किळस आली. पण खोटं बोलायची सोय नव्हती. गुण शंभरच होते.

हृषीकेशने पिकदाणी तिच्यापुढे सरकवली. जगातले थोर मद्यपारखी थुंकतातच. न थुंकले तर दुपारपर्यंत आडवे होतील. वैजयंतीने परीक्षक म्हणून आयुष्यात कधी घोट गिळला नव्हता.

"थुंका लवकर. नाटकं पुरे झाली."

त्या शब्दांनी तिचं डोकं फिरलं. निव्वळ त्याला डिवचण्यासाठी, त्याच्या डोळ्यांत बघत, तिने घोट गिळला.

आणि वाइनची चव तिथेच संपली. मागे काही उरलंच नाही. घसा तुरटी फिरवल्यासारखा कोरडा पडला आणि ग्लास पुन्हा तोंडाला लावू नये असं वाटलं. हा आपला राग असेल, म्हणून तिने मन घट्ट करून दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच झालं.

मग तिला उमगलं. रसनालेख पिकदाणीपाशी संपत होता. माणसाला घसा असतो, हे बुचाला कुणी सांगितलंच नव्हतं. वाखाणणारे सगळे थुंकत होते आणि विकत घेणारे भाव वाढायची वाट बघत बाटली फोडत नव्हते.

"हृषी, तू ही प्यायला आहेस?"

"रोज चाखतो."

"प्यायलास का, ते विचारतेय."

तिने त्याचा ग्लास भरला आणि हसऱ्या चेहऱ्याने त्याच्यापुढे धरला. सगळे बघत होते, तेव्हा त्याला तो रिकामा करावा लागला. तिने पुन्हा बाटली वाकवली, तसा त्याचा हात आपसूक ग्लासच्या तोंडावर गेला. हात कुठे गेलाय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

वैजयंतीला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. बूच खोटं नव्हतं, ते तंतोतंत तिच्यासारखं होतं. आयुष्यभर तिने डोक्यावर घेतलेल्या वाइन तरी कुणाला प्याव्याशा वाटल्या होत्या का? आणि आता तर तिची ही अर्धी जीभ निम्म्या जगाच्या बाटल्यांवर बसली होती.

तिने पिकदाणी उचलून जमिनीवर ठेवली आणि परीक्षकांकडे वळून, सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत विचारलं, "आपण शंभर गुण दिलेल्या कुठल्याही वाइनचा दुसरा ग्लास, आपल्यापैकी कुणी कधी मागितलाय?"