मी घरात नसताना

लिफ्ट तपासणं हे माझं काम. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं देवाचा धावा करतात, मी दोरांचा ताण बघते. बावीस वर्षांत विनाकारण अडकलेली एकही लिफ्ट मी पाहिलेली नाही. कारण सापडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोन दिवस, पण ते असतंच. म्हणूनच नवऱ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा सुटे भाग आणून घरीच जोडायचा हट्ट मी धरला.

नवरा घरून काम करतो, छपाईसाठी पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावतो. त्याचा जुना लॅपटॉप तासातासाला मान टाकत होता, आणि नेमका तेव्हाच तीन खंडांचा एक शब्दकोश त्याच्या हातात आला होता. महिनाअखेरीला पानं छापखान्यात जायला हवी होती. नाही गेली, तर असं काम पुन्हा मिळायचं नाही, हे तो बोलला नव्हता. पण झोपेत दात खायला लागला होता.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी बसले. अंगठी काढली, केस घट्ट बांधले. केस बांधायची सवय कामामुळे हाडीमाशी खिळलेली. यंत्रघरात मोकळे केस म्हणजे जिवाशी खेळ. आठ वर्षांची लेक, जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, मला एकेक स्क्रू देत होती. सासूबाई खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत मधूनच चष्म्यावरून बघत होत्या. दुपारी तीनला सगळं जागच्या जागी बसलं. मी बटण दाबलं.

पंखा अर्धा फिरला आणि थांबला. स्क्रीन काळीच.

पुन्हा दाबलं. अर्धा फेरा, टक् असा बारीक आवाज, मग काही नाही.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवीन जोडलेलं मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं तर मीच चकित झाले असते. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या. विजेच्या सगळ्या तारा काढून लावल्या. रविवारी मदरबोर्डच पेटीतून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि अगदी लागतील तेवढेच भाग लावले. ही आमच्या धंद्यातलीच रीत: सगळं काढायचं, मग एकेक परत लावत जायचं. जो भाग लावल्यावर यंत्र अडतं, तो दोषी. पण इथे मोजून चार भाग उरले तरी पंखा अर्धाच फिरत होता. संध्याकाळी सगळं परत पेटीत बसवलं आणि नवऱ्याला म्हटलं, उद्या येताना दुसरा पॉवर सप्लाय आणते, तोवर हात लावू नकोस.

त्याने अर्थातच लावला. सोमवारी साडेदहाला मी एका इस्पितळाच्या लिफ्टखाली, खड्ड्यात उभी असताना त्याचा फोन आला. मशीन चालू झालं होतं. सहज बटण दाबलं आणि झालं, म्हणाला. दिवसभरात त्याने शब्दकोशाची चाळीस पानं लावली.

संध्याकाळी दारात किल्ली घालताना मला आतून पंख्याची घरघर ऐकू आली. किल्ली फिरवली. घरघर थांबली.

आत दिवा चालू होता, म्हणजे वीज गेली नव्हती. नवरा काळ्या स्क्रीनकडे बघत बसला होता. मी बटण दाबलं. अर्धा फेरा, टक्.

"बाई वर्गात आल्यावर पोरं गप्प होतात ना," तो म्हणाला, "तसं झालंय त्याचं." सासूबाई हसल्या. भिंगरी म्हणाली की ते लाजतंय. मीही हसले आणि पॉवर सप्लाय बदलायला घेतला.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही तेच. मी नसताना मशीन दिवसभर बिनतक्रार चाले, मी उंबऱ्यात पाय ठेवला की बंद पडे. गुरुवारी मी एक वही केली. तारीख, वेळ, घरात कोण कोण, निकाल. घड्याळ, फोन, ओळखपत्र, कामाचे बूट बाहेर ठेवून आत आले. काही फरक नाही. जिन्यात थांबून नवऱ्याला बटण दाबायला सांगितलं. नाही. रस्त्यावर जाऊन फोन केला. चालू. तेवीस नोंदी झाल्यावर मी पान वरून खाली वाचलं. एखाद्या लिफ्टच्या बाबतीत असं पान समोर आलं असतं, तर मी बिघडलेल्या भागापुढे खूण करून मोकळी झाले असते.

शनिवारी मशीन उचललं आणि जिथून भाग घेतले होते त्या दुकानात नेलं. दुकानदार माझ्याच वयाचा, थोडा तिरसट, पण हाताचा चांगला. त्याने तासभर सगळं तपासलं. चालू होईना. मी म्हटलं, मी पाच मिनिटं बाहेर जाऊन येते, तोवर बघा. कोपऱ्यावर जाऊन आले तर मशीन नुकतंच बंद पडलेलं दिसलं.

"झालं होतं की चालू," तो म्हणाला. "तुम्ही बटण दाबल्याबरोबर झालं."

"मी बाहेर होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बांधलेल्या केसांकडे पाहिलं, आणि मग काहीतरी शोधत असल्यासारखा खाली वाकला. "असेल. माझं लक्ष नव्हतं." मशीनमध्ये खोट नाही, घेऊन जा, एवढंच तो पुढे बोलला. पेटी गाडीपर्यंत आणून द्यायला एरवी तो स्वतः येतो. त्या दिवशी आला नाही.

घरी मी हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याची पानं भराभर पुढे सरकत होती. मी सकाळी लवकर निघायचे, संध्याकाळी उशिरा यायचे. माझ्यामुळे त्याचं काम अडायला नको. रविवारीसुद्धा कामाचं निमित्त काढून एका बंद कचेरीच्या लिफ्टपाशी डबा उघडून एकटीच जेवले.

सोमवारी संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या की काल दुपारी तू पाय चेपून दिलेस, रात्रभर शांत झोप लागली. मी म्हटलं, आई, काल दुपारी मी घरात नव्हते. त्यांनी चष्मा काढला. त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. शब्दकोड्यातले जुनेपुराणे शब्द त्यांना न अडखळता आठवतात. त्या म्हणाल्या, "दमतेस गं तू फार." आणि विषय संपवला.

झोपताना भिंगरी माझ्या कुशीत शिरली. मी तिच्या शाळेचं विचारत होते. ती मध्येच म्हणाली, "आई, दुपारी केस मोकळे सोडतेस ना, तेव्हा तू छान दिसतेस."

मी विचारलं, "दुपारी आपण काय करतो?"

"काही नाही. तू बसतेस आमच्याजवळ."

बावीस वर्षांत मी दुपारी घरी बसल्याच्या वेळा हाताच्या बोटांवर मोजता येतील. ती एवढं बोलून झोपली. मी जागीच होते.

बुधवारी भिंगरीची शाळा लवकर सुटायची. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आमच्या समोरच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच तपासणीत आहे, तेव्हा तिथे मला कोणी अडवलं नाही. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला एक खिडकी आहे. तिथून आमची खोली सरळ दिसते. मध्ये फक्त रस्ता. दुपारचे साडेतीन वाजले होते, ऊन आमच्याच भिंतीवर पडलेलं. टेबल दिसत होतं, टेबलाशी नवरा, त्याला टेकून भिंगरी, खिडकीपाशी सासूबाई. मशीन बंद होतं.

मी नवऱ्याला फोन लावला आणि मशीन सुरू करायला सांगितलं. त्याने फोन कानाशी धरूनच बटण दाबलं. स्क्रीनचा निळसर उजेड त्याच्या तोंडावर पडला.

आणि त्या उजेडात चौथं माणूस दिसलं.

ती आतल्या दारातून आली नव्हती. ती तिथे होतीच, भिंगरीच्या मागे, थोडी सावलीत. केस मोकळे. एक हात भिंगरीच्या डोक्यावर. नवऱ्याने मान न वळवता तिला काहीतरी विचारलं, तशी ती वाकून स्क्रीनकडे बघू लागली. मी कधी तशी वाकून त्याचं काम पाहिलं नव्हतं.

माझा आवाज मी कामावर असताना असतो तसाच ठेवला. "खोलीत कोण कोण आहे?"

"कोण असणार?" त्याची नजर स्क्रीनवर होती. "आपण चौघं."

एवढं बोलून त्याने फोन टेबलावर ठेवला. बंद केला नाही. कामात बुडाला की तो असंच करतो. मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. भिंगरी हसली. सासूबाई काहीतरी म्हणाल्या. त्यांना कोणीतरी उत्तर दिलं, हळू, समजूत घालावी तसं.

मी फोन बंद करून खिशात टाकला आणि निघाले.

जिने कसे उतरले ते आठवत नाही. रस्ता ओलांडताना एका गाडीने करकचून ब्रेक लावला. आमच्या इमारतीत लिफ्टची वाट न बघता मी वर चढले. दारापाशी थांबले. आत घरघर चालू होती. किल्ली घातली. आता थांबेल, मी मनात म्हटलं. फिरवली.

थांबली नाही.

दार उघडून मी आत गेले. तीन पावलं, चार. टेबलापर्यंत. पंखा फिरत होता. स्क्रीनवर शब्दकोशाचं पान उघडं होतं.

खोलीत ते तिघंच होते. आतल्या खोलीत कोणी नव्हतं, मोरीत कोणी नव्हतं. मी सगळीकडे पाहून आले. परत आले तरी मशीन चालूच.

"काय शोधतेयस?" नवरा म्हणाला. "बस की. हे पान संपलं की चहा टाकू." त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. मी बाहेरून आले आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. भिंगरीने न बघता मागे हात केला आणि माझं बोट धरलं. तिचा हात ऊबदार होता. दुसऱ्या हाताने मी माझ्या डोक्याला स्पर्श केला. धावताना असेल, केस सुटले होते.

नवऱ्याचा फोन टेबलावर तसाच उताणा पडला होता. मी उचलला.

फोन चालू होता. सेकंद पुढे सरकत होते.

कानाला लावला. आधी जिन्यात असतो तसला घुमारा. मग लिफ्टची घंटा. मग श्वास, जपून घेतलेला, भीती कळू नये म्हणून.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

"खोलीत कोण कोण आहे?" पलीकडच्या बाईने विचारलं.

सासूबाईंनी कोड्यातला एक शब्द भरला. भिंगरी माझ्या बोटाशी खेळत होती. पंखा एका लयीत फिरत होता.

"कोण आहे गं?" नवऱ्याने विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणाले, आणि फोन बंद केला.