दोनशे बारा ओळी

आंबोलीच्या निद्रालयात सकाळी सात वाजता सगळी स्वप्नं लिहून पुरी होत. खोल्यांच्या दारांवरचे निळे दिवे एकेक करून पांढरे होत जात, आणि मग धुक्यातून चहाचा वास येई. अकरा नंबरचा दिवा पांढरा झाला की शाल्मलीकाकू बाकावरून उठत. गेली तीन वर्षं त्यांचा दिवस असाच उजाडत होता.

आत त्यांचे यजमान अच्युतराव झोपलेले असत. जागेपणी त्यांना काही म्हणता काही आठवत नसे. कप कशाला म्हणतात, खिडकी कशाला म्हणतात, समोर बसलेली बाई कोण, सगळं पुसून गेलं होतं. पण विस्मृतीच्या रोगाबद्दल एक नवल शास्त्रज्ञांना कळून चुकलं होतं. आठवणी जाग्या मेंदूतून निघून गेल्या, तरी पुष्कळ दिवस त्या झोपेत वस्तीला राहतात. म्हणून इथल्या प्रत्येक उशीत एक निद्रालेखक बसवलेला असे. झोपेत मन ज्या शब्दांच्या आसपास रेंगाळतं, ते शब्द टिपून त्यांच्या ओळी करणारं हे यंत्र. एका रात्रीची एक फाईल, आणि एका माणसाच्या सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये. अच्युतरावांच्या फोल्डरमध्ये हजाराच्या वर रात्री जमल्या होत्या.

त्या वाचायची मात्र कुणालाच परवानगी नव्हती. ज्याचं स्वप्न त्याचंच, असा कायदा होता. जवळच्या माणसाला फक्त एखादा शब्द शोधता येई, आणि तो ज्या ओळींत असेल तेवढ्याच ओळी दिसत.

"काकू, आज ठरवायला हवं," डॉक्टर ऊर्जिता म्हणाल्या. त्या वयाने काकूंच्या मुलीएवढ्या होत्या. "गेल्या आठवड्यात त्यांच्या फाईली दोन-दोन ओळींच्या झाल्यात. झोपेतलंही विरायला लागलंय."

उपाय एकच होता, त्याला पुनर्वाचन म्हणत. एक शब्द निवडायचा, तो असलेल्या सगळ्या ओळी काढायच्या, आणि रुग्ण अर्धवट जागा असताना रोज त्याच्या कानाशी वाचायच्या. तेवढा धागा पुन्हा पक्का होई आणि त्या धाग्याभोवतीचं आयुष्य परत येई. थकलेल्या मेंदूला दुसरा धागा पेलत नसे. बाकीचं सोडून द्यावं लागे.

"ठरवायचं काय त्यात? माझं नाव घाला."

"तुम्हीच घाला. चार ओळींचा प्रोग्राम आहे."

"मला कुठलं जमतंय. मी जन्मभर दापोलीला बियाणं तपासलं."

"कसं तपासायचात?"

"कसं म्हणजे? ओल्या कागदावर रांगांत बिया मांडायच्या. आठ दिवसांनी कपाटातून एकेक ट्रे काढायचा, एकेक रांग बघायची. कोंब दिसला की वहीत टिपायचं. ट्रे आत, दुसरा बाहेर."

"मग तुम्हाला येतंच की. हे बघा, पहिली ओळ सांगते, कपाट कुठलं. दुसरी म्हणते, त्यातली एकेक फाईल उघड. तिसरी म्हणते, तिच्यातली एकेक ओळ वाच. चौथी म्हणते, शब्द दिसला तर ती ओळ टिपून ठेव."

"आणि नाही दिसला तर?"

"पुढची ओळ. त्याला कंटाळा नाही."

"काय वाचलं ते कळतं का त्याला?"

"मुळीच नाही. अक्षरं जुळली की त्याचं काम झालं. अर्थ लावायचा तो आपण."

काकूंनी चष्मा वर सरकवला आणि एका बोटाने आपलं नाव लिहिलं. पडदा क्षणभर थबकला. सापडलेल्या ओळी: शून्य.

हजार रात्री, आणि एकीतही नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दरी दिसत नव्हती, नुसतं पांढरं होतं.

"शून्य म्हणजे तुम्ही नाही असं नव्हे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "या अक्षरांत नाही एवढंच. घरी काय हाक मारायचे?"

"हाक कसली. अगं."

दोघीही हसल्या. 'अगं'च्या आठशे ओळी निघाल्या. अगं, कुंडी उन्हात ठेव. अगं मने, उतर खाली. अगं आई, किती लागलं तुला. हे अगं बायकोचं होतं, मांजरीचं होतं, आईचंही होतं. इतक्या जणींना बांधलेला धागा उपयोगाचा नव्हता.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "शाल्मली हे माझं सासरचं नाव. लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं, घरची रीत म्हणून. त्यानंतर कधी उच्चारलं नाही बहुतेक. रेशनकार्डावर तेवढं राहिलं. त्याआधी दोन वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो. तेव्हा मी निरंजना होते."

त्यांनी ते नाव लिहिलं. सेहेचाळीस वर्षांनी लिहिताना बोट अडखळलं.

दोनशे बारा.

निरंजना अजून आली नाही, बस चुकली असेल. निरंजनाच्या छत्रीचा दांडा पिवळा आहे. निरंजनाने आज माझ्या ट्रेवर चिठ्ठी लावली. आंब्याखाली उभा आहे, निरंजना येईल.

काकूंच्या चेहऱ्यावर रंग चढला. डॉक्टर मात्र हसत नव्हत्या.

"काकू, नीट ऐका. हा धागा धरला तर त्यांना ती दोन वर्षं मिळतील. पुढचं सगळं जाईल. लग्न, तुमची मुलगी, दापोलीचं घर. आणि ते नाव तुमच्या आजच्या चेहऱ्याला जुळेल असं मी सांगू शकत नाही."

"आणि नाही धरला तर?"

"दिवाळीपर्यंत तेही राहणार नाही."

पडद्यावरच्या ओळी काकूंनी पुन्हा एकदा वरून खाली वाचल्या. रांगांमधले कोंब तपासावेत तशा, बोट ठेवून.

"प्रत्येक ओळीत हे वाटच बघतायत," त्या म्हणाल्या. "पण कंटाळलेले नाहीत कुठे." आणि त्यांनी कागदावर सही केली. सही अर्थातच शाल्मली अशी होती.

सहा आठवड्यांनी अच्युतराव व्हरांड्यात बसले होते. दाढी स्वतः केलेली, नजर स्वच्छ. काकू आल्या तसे ते अदबीने सावरून बसले.

"या बाई, बसा. धुकं फार आहे. बस उशिरा येणार आज."

"कुणाची वाट बघताय?"

"आमच्या प्रयोगशाळेतली एकजण आहे. निरंजना." नाव घेताना त्यांचा आवाज असा उजळला की काकूंना तो लगेच ओळखू आला. असा त्यांनी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"मीच निरंजना," त्या म्हणाल्या.

ते हसले. "थट्टा करता काय बाई, या वयात? ती चोवीस वर्षांची आहे." मग हसू ओसरलं. काकूंच्या हनुवटीकडे, भुवयांकडे ते निरखून बघू लागले. "पण सारखेपणा आहे खरा. तिला काही झालं नाही ना? तुम्ही तिच्या कोण?"

त्यांनी घाबरून रस्त्याकडे वळून बघितलं. काकूंना ते बघवेना.

"ती सुखरूप आहे," त्या म्हणाल्या. "मी तिची मावशी."

अच्युतराव घाईघाईने उठले. सदरा नीट केला, केसांवरून हात फिरवला, आणि काकूंना काही कळायच्या आत वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

"मावशी, बरं झालं तुम्ही भेटलात," ते खालूनच म्हणाले. "मला तिच्याशी लग्न करायचंय. मला विचारायचा धीर होत नाही. तुम्ही विचाराल का तिला?"

काकूंचा हात बराच वेळ हवेतच राहिला. मग त्यांनी तो त्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

"विचारते," त्या म्हणाल्या.