धुराला बंदी

मोरखिंडीतल्या माशा म्हणजे सरकारचे जावई. त्यांच्यावर फवारणी करायची नाही, खिडकीला जाळी लावायची नाही, आणि दिवेलागणीला गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायचं तर नावच काढायचं नाही. कायदाच होता तसा.

कारण होतं निर्गुडी. माशीताप पसरला आणि जुनी औषधं एकामागून एक बोथट झाली, तेव्हा खिंडीतल्या निर्गुडीच्या अर्कानेच माणसं तगली. मग शास्त्रज्ञांनी खिंडीखालच्या वसाहतीत काचघरं बांधली आणि आत एक माशी शिरू दिली नाही. झाडं तरारली, पण अर्क निघाला तो निव्वळ पाणी. ही माशी माणसाचं रक्त पिते, तसा पानांचा रसही शोषते. तिच्या तोंडचे तापाचे जंतू पानात उतरले, की झाड त्यांना मारणारं द्रव्य तयार करतं. त्याला ‘प्रतिरस’ म्हणतात. जंतू रूप बदलतात, तसा प्रतिरसही बदलतो. म्हणजे औषध ताजं राहायचं तर ताप जिवंत राहायला हवा, आणि ताप जगतो माणसांत. ती माणसं मोरखिंडीची.

सगुणा झोरेच्या नातीला दोनदा ताप आला. अर्काने दोन्ही वेळा जीव वाचला, पण दुसऱ्या खेपेला कान गेले. आता हाक मारली तरी पोर वळून बघत नाही. त्या संध्याकाळी सगुणाने राजरोस धुरी पेटवली. तिचं बघून शेजारणीने, मग सगळ्या आळीने.

अर्काचं काम बघणारे डॉक्टर पाटणकर धापा टाकत चढून आले. माणूस वाईट नव्हता. माशा गेल्या तर यंदाचा अर्क कुचकामी ठरेल आणि शहरात हजारो माणसं मरतील, हे त्यांनी कळकळीने सांगितलं. ते खोटं बोलत नाहीत, हे सगुणाला ठाऊक होतं. तिचा संताप त्यानेच वाढला.

“मग तुमच्या काचघराची दारं उघडा की,” ती म्हणाली. “माशा आम्ही मारल्या न्हाईत, नुसत्या हाकलल्यात. वारं खालीच चाललंय.”

“खाली वसाहत आहे, सगुणाबाई. आमची मुलं आहेत तिथं.”

“असू द्यात की. जंतूला माणूस लागतो, तुम्हीच सांगितलंत. आमच्या पोरांना देता तेच औषध त्यांना द्या.”

डॉक्टरांनी फोन काढून बायकोला खिडक्यांच्या जाळ्या घट्ट लावून घ्यायला सांगितलं.

“लावा, लावा,” सगुणा म्हणाली. “आमाला तेवढीबी मुभा नव्हती.”

आणि तिने धुरीवर आणखी ओंजळभर पाला टाकला.