सावरदुर्गाच्या किल्लेदाराचे पथ्य

फाल्गुन लागला होता. सह्याद्रीच्या ऐन धारेवर उभ्या असलेल्या सावरदुर्गावर उजाडत होते. बुरुजांना बिलगलेले धुके हळूहळू विरून खोऱ्यात उतरत होते, आणि ते जसजसे विरले तसतशा, दोन महिन्यांपासून गडाला वेढा घालून बसलेल्या बादशाही फौजेच्या राहुट्या एकामागून एक उघड्या पडू लागल्या. नगारखान्यात चौघडा झडला. गडावरचे तीनशे लोक आपापल्या चौक्यांकडे निघाले. उठला नव्हता तो एकटा गडाचा किल्लेदार.

विसोजी वाळंज जागे होते, पण उठणे त्यांच्या हाती नव्हते. उजव्या पायाच्या अंगठ्याचे मूळ सुजून लालबुंद झाले होते, आणि पांघरुणाचे टोक जरी त्यावर पडले तरी तापल्या सळईचा चटका बसावा तशी कळ थेट मांडीपर्यंत चढत होती. वातरक्ताचा वर्षभरातला हा नववा झटका. ज्या माणसाने तरुणपणी दोर लावून तीन कडे सर केले होते, तो आज खिडकीतून शत्रूच्या राहुट्या मोजत पडला होता.

आणि पथ्य तरी कोणते राहिले होते? अनंतभट वैद्यांनी आधी मद्य बंद केले. विसोजींनी त्याच दिवशी सुरई फोडून टाकली. मग मांस गेले. मग सुकी मासळी, कुळथाची पिठी, उडीद, वाल, चिंच, आंबट ताक असे एकेक करून सारेच ताटातून गेले. उरले जुन्या तांदळाचा भात, पडवळ, मुगाचे सार आणि गुळवेलीचा कडू काढा. आजाऱ्यासारखे जेवूनही आजार हटत नव्हता. उलट गडावर कुजबुज होती की किल्लेदार चोरून खातात. सदरेवर कोणी बोलत नसे, पण काठी टेकीत ते निघाले की शिपायांच्या नजरा आधी त्यांच्या पायाकडे आणि मग पोटाकडे जात, आणि ते त्यांना दुखण्याहून जास्त झोंबे.

त्या सकाळी गडाचा सरनोबत जोत्याजी समाचाराला आला. हा विसोजींचा चुलतभाऊ. बोलणे मोठे अदबीचे.

"दादा, आपण स्वस्थ पडून राहावे. चौक्यापहारे मी पाहतो. फक्त जिभेला थोडा आवर घालावा, एवढीच धाकट्याची अर्जी आहे."

"जिभेला?" विसोजी संतापाने अर्धे उठले आणि कळ येऊन पुन्हा आडवे झाले. "सहा महिने गवत खाऊन राहिलो आहे मी!"

जोत्याजी ऐकून घेतल्यासारखी मान हलवून, मुजरा करून निघून गेला. ते मान हलवणे विसोजींना दिवसभर छळत राहिले.

आठव्या दिवशी सूज उतरली. दुपारी धोंडजी आचाऱ्याने ताट आणले. तोच भात, तेच सार. विसोजींनी वाटी उचलली, नाकाशी नेली आणि एकाएकी त्यांचा संयम सुटला.

"न्या हे! मिरे आणि हिंग घालून घालून याचे औषध केले आहे. मला भूक नाही."

धोंडजी ताट उचलून गेला, साराची वाटी तेवढी मागे राहिली. सगुणाबाई, विसोजींच्या पत्नी, बाजूला बसल्या होत्या. वेढा पडल्यापासून गडावर धान्य मापून मिळत होते. अन्न टाकणे त्यांना पाप वाटे. त्यांनी सार स्वतः प्यायला घेतले, आणि पहिल्याच घोटाला तोंडावर पदर दाबून त्या न्हाणीकडे धावल्या. माहेरची त्यांची सात पिढ्यांची माळ होती. जन्मात त्यांच्या तोंडाला मांस लागले नव्हते. परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"यात मूग नावाला आहेत," त्या म्हणाल्या. "हा मांसाचा रस आहे."

विसोजी वाटीकडे पाहतच राहिले. वैद्यांनी जे सर्वांत कडकपणे वर्ज्य सांगितले होते, तेच त्यांनी औषध म्हणून किती वेळा घोटले होते, कोण जाणे! हिंग आणि मिरे त्यासाठीच होते.

धोंडजीला आत घेऊन दार लावले. तलवार उपसावी लागली नाही. तो पायांवर पडला.

"सरकार, आधी सरनोबतांनी सांगितले की वैद्य किल्लेदारांची उपासमार करतात, अंगात ताकद यावी म्हणून बकऱ्याच्या काळजाचा हा रस गुपचूप द्यावा. मला खरेच वाटले. मग रसानंतर आपला पाय धरतो हे मी पाहिले आणि नाही म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, तुझी बायकापोरे खाली बादशाही छावणीत अडकली आहेत, हे विसरू नकोस."

"आणि आज?"

"आज दुप्पट घालायला सांगितले. उद्या दुपारी वंजाऱ्यांचे बैल धान्य घेऊन चोरदिंडीला येणार आहेत. तोवर किल्लेदार उठता कामा नये, असा हुकूम आहे."

शत्रूच्या वेढ्यातून धान्याचे बैल बिनबोभाट येणार, आणि त्याची वर्दी किल्लेदाराला नव्हती. मग गोण्यांत काय येणार, हे विचारायची गरजच नव्हती.

जोत्याजीला तत्काळ कैद करावे असे सगुणाबाईंनी सुचवले. विसोजींनी नकार दिला. निम्मे शिपाई सरनोबताने भरती केलेले होते. एका आचाऱ्याच्या शब्दावर त्याला धरले असते, तर चोरून खाणारा म्हातारा आपला दोष भावावर ढकलतो आहे असेच सारे म्हणाले असते. त्याला दिंडीच्या अडसरावर हात असतानाच धरायला हवे होते. विसोजींनी एकट्या म्हाकोजी नाइकाला बोलावले. जुना, कमी बोलणारा माणूस. त्याने तीस विश्वासू धारकरी घेऊन दिंडीलगतच्या कोठारात दबून राहावे असे ठरले. धोंडजीने जाऊन जोत्याजीला सांगितले की किल्लेदार सार पूर्ण प्यायले आणि कण्हत पडले आहेत.

पण त्या वेळेपासून विसोजींचा अन्नावरचा विश्वास उडाला. सगुणाबाईंनी स्वतः भात शिजवून आणला. विसोजींनी तोंड फिरवले. पाण्याचा तांब्या तसाच राहिला. पोटात काही गेलेच नाही तर पाय धरेल कशाने, असा त्यांचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला आणि अंगठ्याच्या मुळाशी ओळखीची टोच सुरू झाली. तासाभरात पाय फुगला.

विसोजींनी उशी भिंतीवर फेकली. "खाल्ले तरी तेच, नाही खाल्ले तरी तेच! मग या पायाला हवे तरी काय?"

"मी डोली मागवते," सगुणाबाई म्हणाल्या.

"डोली पाहिली की जोत्याजी बैल परतवील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आणील. चालतच गेले पाहिजे."

चोरदिंडीपर्यंत बहात्तर पायऱ्या होत्या. पायात जोडा जाईना, म्हणून ते अनवाणी निघाले. डावा पाय खाली, मग उजवा. उजवा टेकताच डोळ्यांपुढे काळोख. मग पुन्हा डावा. तलवारीचा काठीसारखा आधार घेत, ओठ रक्त येईतो दाबून, भर उन्हात तो देह एकेक पायरी उतरत होता, आणि वाटेतल्या ज्या पहारेकऱ्यांनी हे पाहिले, ते मुजरा करायचेही विसरले.

खाली जोत्याजी आणि त्याचे आठ शिपाई दिंडीपाशी होते. बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या. अडसर अर्धा सरकला होता.

"सरनोबत!"

जोत्याजी गर्रकन वळला. "दादा! आपण... आपण उठलात?"

"उठलो. धान्य आले म्हणून ऐकले. आनंद आहे. दाराच्या झरोक्यातून पहिल्या गोणीत भाला खुपसून दाखवा, आणि मग खुशाल दार उघडा."

"आपल्या माणसांवर एवढा अविश्वास, दादा?"

"गोणीतून दाणे सांडले तर मी इथेच सर्वांदेखत आपली क्षमा मागेन."

शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. बैल खरोखर धान्याचे असतील असेच त्यांतल्या बहुतेकांना वाटत होते. त्यांच्यापैकी एकाने, कोणी सांगण्याआधीच, झरोक्यातून भाला ढकलला. बाहेर एक किंकाळी उठली, आणि त्यामागून फारसीत शिवीगाळ.

जोत्याजीने अडसरावर झेप घेतली. विसोजी आडवे आले. एका हाताने त्यांनी अडसराची साखळी धरली आणि अंगाचा सारा भार दारावर टाकला. जोत्याजीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग खाली पाहिले. आणि चामड्याच्या जोड्याची टाच त्याने त्या सुजलेल्या अंगठ्यावर सर्व बळ एकवटून आपटली.

विसोजींच्या तोंडून जो आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. गुडघे वाकले, डोळे पांढरे झाले, पण साखळी सुटली नाही. दुसऱ्यांदा टाच उचलली गेली, ती खाली आलीच नाही. जोत्याजीच्याच शिपायांनी त्याला मागे खेचून जमिनीवर पाडले. तोवर म्हाकोजीचे धारकरी कोठारातून धावत आले, अडसर पुन्हा बसला, आणि तटावरून सुटलेल्या धोंड्यांनी दिंडीबाहेरची वाट मोकळी केली. पुढे महिनाभर काही हाती न लागून बादशाही फौज वेढा उठवून निघून गेली. आचाऱ्याची बायकापोरे त्या गडबडीत छावणीतून निसटून गडावर आली. जोत्याजीला बेड्या घालून राजधानीस पाठवण्यात आले.

अनंतभटांना सारी हकिकत कळली तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. "किल्लेदार, लंघन आणि तहान यांनीही हा रोग चाळवतो. आपण साधा भात आणि पाणी घ्यायला हवे होते!"

"हे आपण आधी का नाही सांगितलेत?"

विसोजी चाळीस दिवस अंथरुणावर होते.

पुढे सगुणाबाई स्वतः रांधू लागल्या. झटके कमी झाले. वर्षाला नऊचे तीन झाले. दरबारातून मानाचे कडे आले, आता कोणी कुजबुजत नसे. आणि तरीही कार्तिकातल्या एका सकाळी, महिनाभर पथ्य कणभरही न मोडता, पाय पुन्हा फुगला. विसोजींनी वैद्यांना बोलावले आणि दरडावून विचारले, "मूग, भात, पडवळ. पाणी भरपूर. झोप पुरेशी. आता सांगा, कशाने झाले?"

अनंतभटांनी बराच वेळ तो पाय न्याहाळला. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही."

विसोजी भडकतील म्हणून सगुणाबाई पुढे सरकल्या. पण ते भडकले नाहीत. आजार जडल्यापासून प्रथमच कोणी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवले नव्हते. ते उशीला टेकले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि म्हाकोजी नाइकाला हाक मारली.

"नाईक, हा पाय केव्हा धरेल ते मला सांगता येत नाही, वैद्यबुवांनाही येत नाही. धरेल तितके दिवस दरवाजे तुमच्या हाती. सुटला की मी मागून घेईन."

म्हाकोजीने जुडगा कपाळाला लावला. "आणि मागायला किती दिवस लागतील, सरकार?"

"ते त्याला विचारा," विसोजी पायाकडे पाहत चिडून म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.